हिरव्या नकाशातलं लाल घर

१

काचवाले आजोबा गेले हे सगळ्यात आधी कळलं ते विजेचं मीटर वाचणाऱ्या माणसाला. बेल वाजवूनही कोणी दार उघडेना, तेव्हा त्याने खिडकीला नाक लावलं. आजोबा न्हाणीघराच्या दारात पडलेले होते. डॉक्टरांचं म्हणणं असं की मार जिवावर बेतण्यासारखा नव्हता. खुब्याचं हाड मोडलं, उठता आलं नाही आणि हाक ऐकायला कोणी आलं नाही. पडल्यानंतर दोनेक दिवस तरी ते जिवंत असावेत.

हे ऐकल्यावर मी डॉक्टरांना पुढचं काही विचारलं नाही. मीही एकटाच राहतो, आणि माझ्याही न्हाणीघराची फरशी गुळगुळीत आहे.

माझी हयात कोर्टात कारकुनी करण्यात गेली. निवृत्त झालो, पाठोपाठ बायको गेली, मुलगी लग्न करून लांब गेली. घरात भिंतींशी बोलत बसण्यापेक्षा बरं, म्हणून कुठल्या संस्थेला चौकशीसाठी बाहेरचा माणूस हवा असला की मी जातो. पोलिसांना ज्यात रस नसतो आणि घरच्यांना ज्यात तोंड घालायचं नसतं, असली प्रकरणं माझ्या वाट्याला येतात. माझ्या जिभेला जरा धार आहे असं लोक म्हणतात. असेल.

या खेपेला बोलावलं होतं घरभेट सेवेने. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांकडे आठवड्यातून एकदा सिस्टर पाठवायची, रक्तदाब बघायचा, गोळ्या बघायच्या, चार शब्द बोलायचे, हे त्या सेवेचं काम. काचवाले आजोबांचं नाव त्यांच्याकडे होतं. तरी कित्येक महिन्यांत त्यांच्याकडे एकही सिस्टर फिरकली नव्हती.

सेवेच्या प्रमुख बाईंना सगळे नुसतं मॅडम म्हणतात. मॅडमनी मला टेबलावरचा पडदा दाखवला. पडदा कसला, आडवी ठेवलेली खिडकीच ती. त्यावर शहराच्या त्या भागाचा नकाशा होता. प्रत्येक घराची जागा म्हणजे एक रंगीत तुकडा. आठवड्याची भेट झाली की सिस्टरने आपल्या फोनवर त्या तुकड्यावर बोट ठेवायचं, तो हिरवा होतो. आठवडा उलटून गेला की परत लाल. त्या सगळ्या हिरव्या पसाऱ्यात मधोमध एक मोठा लाल तुकडा होता. बंद पडलेल्या काच कारखान्याचं ते आवार. त्यातल्या बंगलीत कारखान्याचे शेवटचे मॅनेजर एकटे राहत होते, म्हणून ते काचवाले आजोबा.

"आंधळ्यालाही दिसेल," मॅडम म्हणाल्या. "त्या भागाच्या सिस्टरला मात्र दिसलं नाही."

आजोबांनी स्वतः दोनदा फोन केला होता की माझ्याकडे कोणी येत नाही. मॅडमनी दोन्ही वेळा पडदा बघून सांगितलं की आजोबा, तुम्ही नकाशावर आहात, सिस्टर येईल. मग सिस्टरला निरोप धाडला की तुमच्या भागात अजून लाल उरलंय. घर कुठलं ते निरोपात लिहायचं नाही हा सेवेचा नियम. एकट्या म्हाताऱ्यांचे पत्ते इकडेतिकडे फिरले तर चोरांचं फावतं, म्हणून पत्ता फक्त नकाशावर. नियम चांगला होता, त्याबद्दल मी काही बोलणार नाही.

सिस्टरचं उत्तर मॅडमनी मला वाचायला दिलं. दोन्ही निरोपांना एकच उत्तर होतं. माझ्याकडे सगळं हिरवं आहे.

२

सिस्टरला कामावरून दूर केलं होतं. कामात हयगय केल्यामुळे माणूस दगावला असं ठरलं असतं, तर तिची नर्स म्हणून नोंदणीच रद्द होणार होती. म्हणजे या सेवेतच नाही, कुठल्याही दवाखान्यात तिला कोणी उभं केलं नसतं. निकाल माझ्या अहवालावर अवलंबून होता आणि हे तिला ठाऊक होतं.

ती एका गच्चीवरच्या खोलीत राहायची. नवरा जहाजावर, सहा-सहा महिने तोंड दिसत नाही. खोलीत एक खाट, एक खुर्ची. खुर्ची मला देऊन ती खाटेच्या कडेवर बसली. पस्तिशीची असेल. डोळे सुजलेले होते, पण माझ्यासमोर रडली नाही.

तिने सांगितलेलं थोडक्यात असं. आधीच्या सिस्टर निवृत्त झाल्या, त्यांच्या जागी ही आली, आणि ती आली त्याच सुमाराला जुन्या याद्या जाऊन हा नकाशा आला. त्यामुळे कुठे कोण राहतं हे तिला माहीत होतं ते फक्त फोनमुळे. सकाळी घरून निघायची, फोनवर नकाशा उघडायची, लाल तुकडे शोधत स्कूटरवरून फिरायची. ऑफिसात जायचं काम पडायचंच नाही. मॅडमचा निरोप आला तेव्हा तिने आपला भाग गल्लीन् गल्ली सरकवून पाहिला. सगळं हिरवं. तसंच कळवलं.

मी विचारलं, दुसऱ्यांदा निरोप आला तेव्हा मॅडमना जाऊन का भेटली नाहीस. ती म्हणाली, भेटायला हवं होतं. पण मॅडम चिडल्या होत्या, आणि नवीन माणसाने नकाशा चुकतोय असं म्हणायचं तरी कोणत्या तोंडाने.

मला ते पटलं नाही. कोर्टात इतकी वर्षं काढल्यावर कानाला एक खोड लागते, पटलेलंसुद्धा पटवून घ्यायचं नाही. तिच्या लक्षात आलं ते.

"काका, मी आळशी असेन, घाबरट असेन," ती म्हणाली. "पण खोटं बोलत नाहीये. ते घर माझ्या फोनवर कधीच नव्हतं."

तो फोन सेवेचा होता. काढून घेतल्यापासून मॅडमच्या कपाटात बंद होता. मी तडक ऑफिसात गेलो, मॅडमच्या समोर तो चालू केला आणि नकाशा कारखान्याच्या चौकापाशी नेला. सगळा पडदा लालभडक झाला.

३

माझं मन खट्टू झालं, हे कबूल करतो. त्या पोरीवर विश्वास ठेवावा असं वाटायला लागलं होतं.

लाल तुकडा फोनच्या पडद्याबाहेर दोन्ही बाजूंनी गेला होता. फोन आडवा धरला तर वरखाली बाहेर गेला. मधोमध आजोबांचं नाव, तेही अर्धंच. मॅडम माझ्या खांद्यावरून बघत पुटपुटल्या, "बघा, नावं परत कापली जायला लागली. सांगून सांगून थकले मी." मग त्यांनी मला विचारलं, आता तरी पटलं का. मी म्हणालो, अजून दोन माणसं भेटायची आहेत.

त्यातला पहिला नकाशेवाला. ऑफिसातले सगळे त्याला याच नावाने हाक मारत. जिन्याखालच्या खोलीत तो एकटा बसायचा, समोर दोन मोठे पडदे, खोलीत सदा दिवा लागलेला. मला बघून तो दचकला. त्याच्याकडे कोणी येतं ते काहीतरी बिघडलं तरच, असं तोच म्हणाला, आणि हसला. तिशीचा, सडपातळ, बोटं सतत काहीतरी चाळवत असलेली.

नकाशा चालतो कसा, हे त्याने मला बरंच नीट समजावलं. फोनमध्ये काही साठवलेलं नसतं. सगळी घरं ऑफिसच्या मोठ्या साठ्यात असतात. तुम्ही नकाशा सरकवलात की पडद्याचे चार कोपरे कुठे आहेत ते साठ्याला कळतं, आणि त्या चौकटीपुरतीच घरं तो पाठवून देतो. सगळं शहर प्रत्येक फोनवर पाठवायचं म्हटलं तर फोन गुडघे टेकेल. नकाशा फार लांबून बघत असलात तर एकही घर पाठवत नाही. नुसते रस्ते दिसतात आणि वर पाटी येते, जवळ या.

एखाद्याने ते घर साठ्यातून पुसलं असेल आणि आजोबा गेल्यावर परत घातलं असेल का, हा माझा खरा प्रश्न होता. त्याने लगेच पडद्यावर साठ्याचा सगळा इतिहास उघडला. कोणती ओळ कुणी कधी बदलली ते त्यात उमटतं, आणि ते त्यालाही पुसता येत नाही. आजोबांची ओळ पहिल्या दिवशी घातली तशीच होती.

"माहितीला कुणी हात लावलेला नाही, सर," तो म्हणाला. "हे मी लिहून देतो."

तो हे माझ्याकडे न बघता म्हणाला. मी ते टिपून ठेवलं, पण न बघता बोलणारी माणसं जगात पुष्कळ असतात. मला तर अशीच माणसं जास्त भेटतात.

४

दुसरा आजोबांचा पुतण्या. सख्खं म्हणावं असं आजोबांना तेवढंच. कारखान्याची जागा आता त्याच्याकडे जाणार होती, आणि मोठ्या फाटकाला नवंकोरं कुलूप त्यानेच लावलं होतं. आजोबा जिवंत असताना. मला वाटलं, इथे पाणी मुरतंय.

तो गाडी घेऊन दुसऱ्या शहरातून आला. आम्ही कारखान्याच्या आवारातच भेटलो. केवढं ते आवार. या टोकाला उभं राहिलं तर त्या टोकाचा माणूस ओळखू येत नाही. पत्रे उडालेल्या शेड, गवतात लखलखणारे काचेचे तुकडे, आणि कडेला ती बंगली, आजोबांची. दोरीवर एक बनियन अजून वाळत होता.

कुलपाचं विचारलं तर तो म्हणाला की भंगारचोर ट्रक घेऊन आत शिरायचे, म्हणून काकांनीच लावायला सांगितलं. खरंखोटं करायला फार लांब जावं लागलं नाही. मोठ्या फाटकाच्या शेजारी एक छोटं दार आहे, त्याला कडीसुद्धा नाही. मीटरवाला त्यातूनच आत आला होता. सिस्टरही आली असती. म्हणजे कुलपाने कुणाची वाट अडली नव्हती.

मग पुतण्या असं काही बोलला की मी चक्रावलोच. दर रविवारी तो काकांना फोन करायचा, आणि काका सांगायचे की सिस्टर अगदी नियमाने येते. चहा घेते, बसते, गप्पा मारते. मुलीसारखी आहे म्हणायचे.

"मग नकाशावर लाल कसं?" पुतण्याने मलाच विचारलं. "ती बोट ठेवायला विसरली का?"

सिस्टर म्हणते मी कधी गेले नाही. आजोबा म्हणाले ती येते. आणि त्याच आजोबांनी ऑफिसला फोन करून कोणी येत नाही म्हणून तक्रार केली. या तिन्ही गोष्टी एका वेळी खऱ्या असणं शक्य नव्हतं.

घरी जाताना रस्ताभर मी डोकं खाजवत होतो. घरी पोचलो तर मुलीचा फोन. जेवलात का, काय चाललंय. मी नेहमीसारखं सांगितलं की शेजारचे दोघे येतात, पत्त्यांचा डाव पडतो, वेळ छान जातो. फोन ठेवला आणि मी जागच्या जागी बसून राहिलो. शेजारचे घर सोडून गेले त्याला आता दोन वर्षं होतील.

आजोबा कोणाशी खोटं बोलले ते मला कळलं. ऑफिसशी नाही. लांब असलेल्या माणसाला आपण काय सांगणार, कोणी येत नाही म्हणून? तो तिथे जीव टांगणीला लावून बसणार. त्यापेक्षा एक सिस्टर घरात आणून बसवायची आणि तिला चहा द्यायचा. मला फार वाईट वाटलं त्या माणसाचं, आणि खरं सांगायचं तर थोडं माझंही.

पण त्यामुळे सिस्टरचं काम सोपं झालं नाही. ती गेली नव्हती हे आता पक्कं झालं. आणि तिच्या फोनवर घर लालभडक दिसत होतं, ते तर मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं.

५

दुसऱ्या दिवशी मी बदली सिस्टरबरोबर फिरलो. जुन्या सिस्टरबद्दल लोक काय म्हणतात ते ऐकायचं होतं. सगळीकडे चांगलंच ऐकायला मिळालं. लिफ्ट नसलेल्या इमारतीच्या वरच्या मजल्यावर राहणारे एक खाष्ट गृहस्थ, जे मला दारातूनच हाकलत होते, तेसुद्धा म्हणाले की ती बाई एकही आठवडा चुकली नाही. तेव्हाच माझ्या मनात आलं, टाळाटाळ करणारं माणूस आधी हा जिना टाळेल. रस्त्याला लागून असलेला कारखाना कशाला टाळेल?

शेवटचं घर म्हणजे एक बंद पडलेली रोपवाटिका. विस्तीर्ण जागा, फुटक्या कुंड्यांच्या रांगा, आणि कोपऱ्यातल्या खोलीत एक आजी. नव्वदीच्या घरातली, पण जीभ माझ्याहून तिखट. सिस्टर रक्तदाब बघत होती तेव्हा आजींनी मला चौकशीवाला ना तू म्हणून बसवून घेतलं.

"आता येते हो सिस्टर," त्या म्हणाल्या. "तो काचवाला मेला आणि हिचं येणं सुरू झालं. त्याआधी मला वाटायचं, यांच्या लेखी मीच मेलेय."

मी सिस्टरकडे पाहिलं. ती म्हणाली, मला काय माहीत, फोनवर लाल दिसतं तिथे मी जाते. मला वाटलं, जुन्या सिस्टरने हेही घर गाळलं होतं तर. एक सोडून दोन. मनातल्या मनात मी तिला चार शिव्या घातल्या.

पण आजी तेवढ्यावर थांबल्या नाहीत. पलीकडच्या भागात त्यांचा एक भाऊ मोठ्या गोदामाच्या आवारात राखणदाराच्या खोलीत राहतो. त्याच्याकडेही आत्ताआत्ता सिस्टर यायला लागलीय म्हणे. भावाने फोनवर सांगितलं, तोही काचवाला गेल्यानंतरच.

पलीकडच्या भागाची सिस्टर वेगळी. तिला कुणी कामावरून काढलं नव्हतं, तिची बदलीही झाली नव्हती. मी रिक्षा करून तिला गाठलं. ती साधी, नाकासमोर चालणारी बाई. म्हणाली, हो काका, गोदामाचं घर अलीकडेच दिसायला लागलं. मला वाटलं नवीन नाव आलं असेल.

नवीन नाव नव्हतं ते. ऑफिसात फोन करून विचारलं, साठ्यात तेही पहिल्या दिवसापासून होतं.

मी तिथेच फुटपाथवर उभा राहून विचार केला. दोन वेगळ्या बाया, एकमेकींना न ओळखणाऱ्या, एकाच तऱ्हेची घरं गाळतात आणि एकाच सुमाराला सुधारतात. हा काही आळस नव्हे. गाळली गेलेली घरं कुठली? कारखाना, रोपवाटिका, गोदाम. लहान घर एकही नाही. माणूस एकटा आणि जागा अवाढव्य, अशीच तेवढी. आजोबा गेल्यावर बायकांमध्ये काही बदललं नव्हतं. नकाशात काहीतरी बदललं होतं, आणि माहितीला तर कुणी हात लावलेला नव्हता.

मग मला मॅडमचं पुटपुटणं आठवलं. नावं परत कापली जायला लागली. परत म्हणजे आधी कापली जात होती, मधे थांबली होती आणि आता पुन्हा सुरू झाली. मी रिक्षा ऑफिसकडे वळवायला सांगितली.

६

मॅडमना घेऊन मी जिन्याखालच्या खोलीत गेलो. आधी त्यांनाच विचारलं की नावं कापली जाण्याचं प्रकरण काय होतं. त्या म्हणाल्या, काही नाही हो, नकाशा नवीन आला तेव्हा पडद्याच्या कडेला घरं अर्धवट दिसायची, त्यांची नावंही अर्धवट. वरिष्ठांना दाखवताना लाज वाटायची. याला सांगितलं, अर्धी घरं नकोत, जे पूर्ण दिसतंय तेवढंच दाखव. त्याने करून दिलं, आणि नकाशा अगदी नीटनेटका झाला.



"ते जसं होतं तसं परत लाव," मी नकाशेवाल्याला म्हणालो. आधीचं अहोजाहो मी सोडून दिलं होतं. "आजोबा जिवंत असताना होतं तसं. माहितीला हात लावू नकोस. नुसता नियम बदल."

त्याने एकदा मॅडमकडे पाहिलं, एकदा दाराकडे. मग कळफलकावर बोटं चालवली. एक शब्द पुसला, दुसरा लिहिला. एवढंच.

सिस्टरचा फोन माझ्या हातात होता. मी नकाशा बोटाने थोडा सरकवला. लाल रंग गेला. आजूबाजूला लहान लहान हिरवी घरं, आणि मधे जिथे कारखाना होता तिथे नुसती करडी मोकळी जागा, एखादं मैदान असावं तशी. मी डावीकडे सरकवलं, उजवीकडे सरकवलं. मैदानच. आवार पडद्यात मावावं म्हणून नकाशा लांब नेला, तर सगळीच घरं गेली आणि पाटी आली, जवळ या. जवळ गेलो. घरं आली, आजोबा आले नाहीत.

मान वर करून पाहिलं तर नकाशेवाल्याच्या मोठ्या पडद्यावर तेच आवार अख्खंच्या अख्खं होतं. लाल.

घरातल्या समारंभाचा फोटो काढताना कुणाचं कोपर चौकटीबाहेर राहतं. इथे नियमच असा होता की कोपर बाहेर राहिलं तर माणूसच फोटोतून काढून टाकायचा. लहान घरं चौकटीत पूर्ण मावत होती, ती दिसत होती. कारखान्याचं आवार मोठ्या पडद्यावर मावत होतं, म्हणून मॅडमना दिसत होतं. फोनच्या वीतभर पडद्यात ते कधीच मावणार नव्हतं, म्हणून सिस्टरला कधीच दिसलं नाही. नियम असा हवा होता की ज्या घराचा एक कोपरा जरी चौकटीला लागला तरी ते दाखवायचं. त्याने तो नियम लावलाही होता. पण आजोबा गेल्यावर, गुपचूप. मॅडमच्या कपाटातला फोन मी उघडला तेव्हा साठ्यात नवा नियम चालू होता, आणि त्यामुळेच सिस्टर खोटी ठरली.

मॅडम भिंतीला टेकून उभ्या होत्या. त्यांचा चेहरा बघवत नव्हता. आजोबांना आपण दोनदा काय सांगितलं, ते त्यांना आठवत असावं.

"मी माझ्या पडद्यांवर तपासलं होतं," नकाशेवाला म्हणाला. "फोनवर नाही तपासलं. आजोबांची बातमी आली त्या संध्याकाळी डोक्यात लख्ख प्रकाश पडला. बदललं लगेच. वाटलं, उद्या सकाळी सांगू. सकाळी कळलं की सिस्टरला काढलं."

"मग सांगायचं."

"मग मी सांगितलं असतं तर मी मारलं असं झालं असतं. नाही सांगितलं तर तिने." तो रडायला लागला. "रोज सांगायला उठायचो, सर. दारापर्यंत जायचो."

चूक कुणाच्याही हातून होते, ती मी समजू शकतो. पण त्या चुकीखाली दुसऱ्या कुणाला तरी गाडलं जाताना बघत, जिन्याखाली दिवा लावून बसून राहणं, हे मला माफ करता येत नाही. तेवढं मी त्याला सांगितलं. मग नवा नियम परत लावायला लावला, कारण तिकडे आजी वाट बघत होत्या.

७

मॅडमनी माझ्यासमोरच वरिष्ठांना फोन केला आणि स्वतःचा भागही न लपवता सांगितला, हे त्यांच्या बाजूने नोंदवायला हवं. मी घरी बसून अहवाल लिहिला. सिस्टरचा दोष नाही, नोंदणीला धक्का लावण्याचं कारण नाही, तिला सन्मानाने परत घ्यावं. देण्याआधी वाट वाकडी करून तिच्या गच्चीवर गेलो. चांगली बातमी आपल्या तोंडून सांगायचा योग माझ्यासारख्याला फार येत नाही.

मी सगळं सांगितलं, चौकटीचं, कोपराचं, करड्या मैदानाचं. तिचा जीव भांड्यात पडेल, रडेल, निदान नवऱ्याला फोन लावेल असं मला वाटलं होतं. ती खाटेच्या कडेवर तशीच बसून राहिली, हात मांडीवर ठेवून.

"काका, मी त्या फाटकावरून रोज जायचे," ती म्हणाली.

मी म्हणालो, रस्ताच तो आहे, जावंच लागणार.

"ते छोट्या दारात खुर्ची टाकून बसायचे. मी दिसले की हात करायचे. मला वाटायचं, किती गोड आजोबा आहेत. मीपण हात करायचे."

खाली रस्त्यावर कुणीतरी गाडी चालू करत होतं, ती होत नव्हती. मी विचारलं, स्कूटर कधी थांबवली नाहीस? विचारायचं नव्हतं, तोंडून गेलं.

"पांढरे केस, हातात काठी, एकटेच. मी नर्स आहे, काका. दुसरं कुठे पाहिलं असतं तर थांबले असते." तिने डोळे पुसले नाहीत. "पण फोन हिरवा होता. मला वाटलं, यांचं कोणीतरी आहे."

मग ती म्हणाली की हेही अहवालात लिहा. नाहीतर ते अर्धंच होईल.

"अहवाल सकाळीच देऊन टाकला," मी म्हणालो.

अहवाल माझ्या पिशवीत होता. पिशवी मी पायाने खुर्चीखाली सरकवली, आणि तिला म्हणालो की चहा कर, मी बसतो थोडा वेळ.